मोबाइलशिवाय लग्न: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

तुळशीचं लग्न झालं की माझ्याकडे एकच विचारणा येऊ लागते: लग्नात मोबाइल नकोत, पण पाहुणेही नाराज व्हायला नकोत. कार्यालयांतल्या लग्नांचं नियोजन करताना जे पाहिलं, त्यावरून ही उत्तरं देते आहे.

पत्रिकेत तसं छापलं तर उद्धटपणा दिसेल का?

नाही. ‘मंगलाष्टकांच्या वेळी हातात फक्त अक्षता असाव्यात, ही विनंती’ एवढी ओळ पुरे. मात्र छापण्याआधी व्याह्यांशी बोला.

एक डेकोरेटर जॅमर लावून देतो म्हणतो. परवानगी लागत नाही असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. खासगी माणसाने जॅमर वापरणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे. शेजारच्या इमारतीत कुणाला 108 लावायचा असेल तर त्याचाही फोन लागणार नाही. ‘पॅकेज’मध्ये हे विकणाऱ्याला तिथेच नकार द्या. आगाऊ रक्कम दिली असेल तर वकिलाला विचारा.

दारातच फोन जमा करून टोकन द्यावं का?

कृपा करून हे करू नका. मी स्वतः एकदा केलं आहे. दीडशेच्या वर फोन, त्यात टोकनं मिसळली, आणि पंगत वाढून तयार असताना माणसं टेबलाभोवती आपापला फोन शोधत होती. एखादा हरवला तर भरपाई कोण देणार, हे कार्यालयाच्या करारात बहुधा नसतं.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. मधुमेहाच्या बऱ्याच रुग्णांच्या दंडावर हल्ली सेन्सर असतो. त्याचा आकडा मोबाइलवर दिसतो आणि साखर उतरली की इशाराही मोबाइलच देतो. मुहूर्त लांबला, जेवण लांबलं की साखर उतरण्याची भीती नेमकी तेव्हाच असते, आणि आपण त्या माणसाचा फोन टोपलीत टाकलेला असतो! कुणाचं तान्हं बाळ घरी असतं, कुणी डॉक्टर ड्यूटीवर असतो. घरातल्या आजारी माणसांबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

फोन ज्याचा त्याच्या खिशातच राहू द्या. बंदी फक्त अंतरपाट धरल्यापासून हार घालून होईपर्यंत ठेवा. तेवढा वेळ स्टेजसमोर कुणी उभं राहिलं नाही, तर मागच्या रांगेतल्या आजीलाही अंतरपाट दूर होताना दिसतो. माझा सगळा आग्रह त्या आजीसाठी आहे. रुखवतापाशी, जेवणाच्या वेळी, भेटीगाठींत लोकांना मनसोक्त फोटो काढू द्या. विनंती गुरुजींनी किंवा घरातल्या थोरल्या काकांनी माइकवरून करावी. त्यांचं ऐकलं जातं, भाड्याच्या सुरक्षारक्षकाचं नाही.

आत्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं मोबाइलवर बघून म्हणणार आहेत.

मोठ्या अक्षरात कागदावर छापून द्या.

न्यूजर्सीतल्या मामांना लग्न कसं दाखवायचं?

तिपाईवर एक कॅमेरा, एकच माणूस, एकच लिंक. हिवाळ्यात दुपारी 12.39 च्या मुहूर्ताला तिकडे रात्रीचे 2.09 वाजलेले असतात. संध्याकाळी साडेसहाचा गोरज मुहूर्त असेल तर सकाळचे आठ. कोणता मुहूर्त धरायचा ते गुरुजींना विचारा. कार्यालयाचं वायफाय आदल्या दिवशी त्याच वेळी तपासा.

पाहुणे म्हणतात, मग आम्हाला फोटो कधी मिळणार?

त्याच संध्याकाळी. नाराजी बंदीमुळे कमी आणि फोटोंच्या उशिरामुळे जास्त होते. निवडक चाळीस फोटो रात्रीपर्यंत द्यायचे, हे छायाचित्रकाराच्या करारात लिहून घ्या. ‘हक्क आमचेच असतात’ असं काही जण सांगतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचे पहिले मालक तुम्ही असता, पण करारात वेगळं लिहिलेलं नसेल तरच. म्हणून सही करण्यापूर्वी तो जाणकाराकडून वाचून घ्या.

लग्न आठ दिवसांवर आलं आहे, पत्रिका वाटून झाल्या. आता काय?

हे महिनाभर आधी विचारायला हवं होतं. आता आजच बसून जवळच्या वीस घरांत फोन करा. मुलाच्या बाजूचे फोन त्यांच्याच घरातल्या वडीलधाऱ्यांनी करावेत.