वाचकांचे प्रश्न : दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी

प्रश्न : उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीत सोडियम सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर (ओतकामात पोकळी राखण्यासाठी साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे) कडक करण्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर रोज लागतात. एम.एस्सी. करणारी माझी मुलगी सांगते की, हाच वायू दाबाखाली पाण्यासोबत वापरून बहुवारिके (पॉलिमर) तयार करता येतात. हे कसे घडते आणि त्याचा लाभ कोणता?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : आपल्या सिलिंडरात बराचसा द्रवच असतो. 31 अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या सुमारे 73 पट दाब ओलांडला की द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. चैत्रातल्या उन्हात राहिलेल्या भरल्या सिलिंडरात हे आपसूक घडते (तो सावलीत ठेवत असालच). या अवस्थेतील कार्बन डायऑक्साइडमध्ये अनेक मोनोमर (ज्यांची साखळी जोडून बहुवारिक बनते ते लहान रेणू) विरघळतात, परंतु फ्लोरिनयुक्त व सिलिकोन वर्गातील काही अपवाद सोडले तर त्यांपासून झालेली बहुवारिके विरघळत नाहीत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डीसिमोन यांनी 1992 मध्ये या माध्यमात प्रथम फ्लोरिनयुक्त बहुवारिकेच केली, ती याच कारणाने.

पाण्याची जोड येथे कामी येते. ॲक्रिलअमाइडसारखा मोनोमर पाण्यात विरघळवून, योग्य पृष्ठक्रियाकारक (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा साबणासारखा पदार्थ) घालून, त्यात दाबाखालील कार्बन डायऑक्साइडचे बारीक थेंब दाटीने पसरवले, तर मोनोमर जोडले जाऊन थेंबांच्या भोवतीचे पाणी जेलसारखे घट्ट होते. मग दाब सोडला की थेंब उडून जातात आणि आंबोळीला पडते तशी जाळी मागे राहते. एरवी या थेंबांसाठी तेलासारखे द्रावक वापरतात आणि ते नंतर धुऊन काढणे हे मोठेच किचकट काम असते. ते येथे वाचते.

अडचणी अर्थातच आहेत. दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा सामू (pH) 3 च्या आसपास उतरतो, म्हणजे ते आम्लधर्मी होते, त्यामुळे साधा साबण त्यात निकामी ठरतो आणि साधे पोलाद गंजते. म्हणून भांडे जाड स्टेनलेस स्टीलचे लागते. बादल्या-मग करण्यासाठी हा खटाटोप परवडेल असे मला वाटत नाही, मात्र पेशी वाढवण्यासाठी लागणाऱ्या सच्छिद्र पदार्थात द्रावकाचा अंशही नको असल्याने तेथे तो सार्थ ठरतो.

एक फरक मुलीला अवश्य सांगावा. आपल्या कोअरमध्ये हा वायू सिलिकेटशी संयोग पावून कार्बोनेटच्या रूपात वाळूतच अडकतो. येथे तो केवळ माध्यम असल्याने बव्हंशी जसाच्या तसा बाहेर पडतो आणि पुन्हा दाबून वापरता येतो.