गोदावरीला पूर आला किंवा दंगल झाली आणि देवळालीतून आर्मी बोलावली, तर नाशिकचा कारभार लष्करी अधिकाऱ्याकडे जातो का?

नाही, अजिबात नाही, आर्मी फक्त मदतीला येते, सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडेच राहतात. पुरात तर ते 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षच असतात. दंगलीचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 149 वाचा (आधी हे सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, 130 होतं), पोलिसांकडून जमाव हटत नसेल तर जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला मॅजिस्ट्रेट लष्करी अधिकाऱ्याला सांगतो, मग जवान कसे वापरायचे ते अधिकारी ठरवतो, पण कमीत कमी बळ वापरायचं हे कायद्यातच लिहिलंय. कलम 150 मध्ये एक सूट आहे, मॅजिस्ट्रेटशी संपर्कच होत नसेल आणि धोका समोर दिसत असेल तर अधिकारी स्वतः जमाव पांगवू शकतो, मात्र संपर्क झाला की पुढे मॅजिस्ट्रेटचंच ऐकायचं. हे फार महत्त्वाचंय, लोक हाच भाग विसरतात आणि 'आर्मी आली म्हणजे आर्मीचं राज्य' असं बोलत सुटतात.

फक्त देवळाली कॅम्पचं थोडं वेगळं आहे बरं का. तिथे कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे लष्करी छावणीच्या भागाचं स्थानिक मंडळ, आणि 2006 च्या कायद्याने बोर्डाचा अध्यक्ष हा तिथला स्टेशन कमांडर, म्हणजे सर्व्हिसमधला लष्करी अधिकारी. पाणी, रस्ते, कचरा असली नगरपालिकेची कामं त्या बोर्डाकडे येतात, रोजचं काम बघणारा सीईओ मात्र सिव्हिल अधिकारी असतो.