प्रचाराचे फोन करायला बसायच्या आधी

प्रिय बाळा,

तू इलेक्शनला फोन करायचं काम घेतलंस हे आईकडून कळलं आणि खरंच बरं वाटलं. झेंडे लावायला, रॅलीत बाईक पळवायला पोरं मिळतात गं, पण एका जागी बसून यादी शेवटपर्यंत नेणारी मिळत नाहीत. पक्ष कुठला ते तू विचार करून ठरवलंयस, त्यात मी पडत नाही.

सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की जे ऐकलंस तेच लिही. आपल्याकडे माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. "आमचा मत तुमकाच" म्हणतात, फोन ठेवतात आणि आपली पोरं लगेच नावापुढे हिरवी खूण मारून मोकळी. संध्याकाळी शीट बघून सगळे खूश, आणि मोजणीच्या दिवशी त्याच बूथवर मशीन भलतंच सांगतं. माणूस हो म्हणाल्यावर स्वतःहून काही विचारतो का ते बघ, म्हणजे यंदा केंद्र त्याच शाळेत आहे का, उमेदवार आमच्या वाडीत कधी येणार, असं काहीतरी. विचारलं तर ते नाव बरंचसं पक्कं. नुसतंच हो हो असेल तर "नक्की नाही" लिही. कोणीतरी म्हणेल तुझेच आकडे कमी का, तरी बदलू नकोस. शेवटच्या आठवड्यात कार्यकर्ते कुठल्या वाडीत पाठवायचे ते याच खुणांवरून ठरतं, आणि खोट्या खुणांमुळे भर उन्हात चार माणसं नको तिथे चालत जातात.

वेळेचं भान ठेव. लोकसभा येते एप्रिल-मे मध्ये, म्हणजे ऐन हापूसच्या सीझनला. २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान ७ मे ला होतं. सकाळी लोक बागेत काढणीला असतात, नंतर पेट्या भरायची घाई, तेव्हा फोन केलास तर बोलणार कोण? बंदरावर बोटी लागून लिलाव सुरू असताना तर करूच नकोस. संध्याकाळी सात ते साडेआठ बरं पडतं. आणि सड्यावर म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, तसंच खाडीपट्ट्यात रेंज जाते, मध्येच कट झाला म्हणजे माणूस रागावला असं धरू नकोस, परत लाव.

फोन लावायच्या आधी यादीचं पान नीट वाच. एका वाडीत सगळी आडनावं एकच, नावंही तीच तीच, त्यामुळे वाडी आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बघूनच बोल. उचलल्यावर स्वतःचं नाव, गाव, कोणासाठी फोन करतेयस ते आधी सांग आणि विचार, दोन मिनिटं आहेत का. मग गप्प बस. मागे राजापूरकडच्या एका वाडीतली आजी फोनवर आली, उमेदवाराचं नाव काढायच्या आधीच तिने सुरू केलं, नळ आहे पण मार्चपासून पाणी नाही, विहिरीवर उतरायला गुडघे देत नाहीत, मुलगा विरारला. मी मध्ये बोललो नाही. सगळं झाल्यावर तिनेच विचारलं, बाबा तू कोणाचा? पाण्याचं वहीत लिहून घे, रात्री ते वर पोचव, पण "होऊन जाईल" असा शब्द देऊ नकोस, तो द्यायचा अधिकार तुझा नाही.

गाडीचंही तसंच. "केंद्रावर न्यायला गाडी पाठवता का" हा प्रश्न हमखास येतो, आणि मुंबईचे चाकरमानी विचारतात बस करताय का. मतदारांना फुकट ने-आण करणं हे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट आचरण धरलंय, उमेदवाराची निवडणूक त्यावर अडकू शकते, म्हणून तू फोनवर कबूल करू नकोस. जे कायद्याने मिळतं ते सांग ना. ८५ च्या वरचे आणि ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले घरून मत देऊ शकतात, त्यासाठी फॉर्म १२ डी, पण तो निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो, म्हणजे अशा घरांना फोन अगदी सुरुवातीलाच गेला पाहिजे. नाव यादीत आहे का हे १९५० या हेल्पलाइन नंबरवर विचारता येतं. नुसतं कार्ड असून भागत नाही, यादीत नाव लागतं, हे अजून बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि मुंबईतही नाव, गावातही नाव, असं कोणी सांगितलं तर त्याला उत्तेजन देऊ नकोस, दोन ठिकाणी नाव चालत नाही.

कोणी म्हणेल गावकीत, म्हणजे गावच्या बैठकीत, मत कोणाला ते ठरलंय. वाद घालू नकोस, मत गुप्त असतं एवढं आठवण म्हणून सांग आणि पुढचा नंबर घे. जातीचं, देवाधर्माचं नाव घेऊन मत तर चुकूनही मागू नकोस, कोणी स्क्रिप्टमध्ये लिहून दिलं तरी.

इथल्या माणसांना कमी समजू नकोस हं. इथल्याच तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७ ला बॅ. नाथ पै आणि १९७१ पासून सलग पाच वेळा मधु दंडवते दिल्लीला पाठवले. ऐकून, पारखून घ्यायची सवय आहे लोकांना, पाठ केलेलं वाचतेयस ते लगेच कळतं.

शिव्या पण मिळतील. सॉरी म्हणून ठेव, पाणी पी, पाच मिनिटं अंगणात जा. रात्री उशिरा कोणी परत फोन करून नको ते बोलायला लागला तर नंबर प्रचार ऑफिसातल्या ताईंना दे, एकटीने सहन करायचं नाही. शक्यतो स्वतःचा नंबर वापरूच नकोस, ऑफिसचा फोन माग. यादीचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नकोस, लोकांचे नंबर आहेत ते. मतदान संपायच्या वेळेआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद असतो, तेव्हा तुझेही कॉल बंद.

पहिले दोन-तीन दिवस झाले की मला फोन कर, कुठल्या प्रश्नाला उत्तर सुचलं नाही ते लिहून ठेव, आपण एकेक बघू.

तुझा,
काका