एफएसक्यू दुर्बीण घेण्याआधी ते निळं वलय नक्की कुणाचं ते बघा मालक

मालक, प्रश्न नीट वाचला. सध्या 72 एमएमची ईडी डबलेट (रंग कमी फाकवणाऱ्या ईडी काचेची दोन भिंगांची दुर्बीण, फोकल लेंग्थ 420), एचईक्यू5 माउंट, 533 रंगीत कॅमेरा, जुळे सोलापुरातली गच्ची. ताऱ्यांभोवती निळं वलय येतंय म्हणून वैतागलाय आणि आता टाकाहाशी एफएसक्यू-106 की स्काय-वॉचर एस्प्रिट 100 (तीन भिंगांची ट्रिपलेट) असं विचारताय. माझ्या मते एफएसक्यू तुमच्या कॅमेऱ्यावर वाया जाईल, एस्प्रिट चांगली आहे, पण तीही या महिन्यात नको.

आधी वलयाचं बघू. फोटो झूम करा. वलय गोल असेल, सगळ्या बाजूंनी सारखं असेल, तर ते लेन्सचंच. डबलेट निळ्या-जांभळ्या टोकाला बाकी रंगांसोबत फोकसला आणू शकत नाही, ईडी काच असली तरी थोडं सुटतंच. पण ताऱ्याच्या एका बाजूला निळं आणि बरोबर समोरच्या बाजूला लाल असेल तर तो हवेचा खेळ आहे, निळी बाजू वरच्या दिशेला आणि लाल क्षितिजाकडं. तुम्ही ज्या ओमेगा सेंटॉरीचा (ताऱ्यांचा गोल गुच्छ) फोटो टाकलाय तो आपल्या सोलापुरातून (अक्षांश 17.7) सगळ्यात वर आला तरी 25 अंशांवरच असतो, एवढ्या खाली हवा प्रिझमसारखी रंग फाकवते, तुमच्या सेटअपवर साधारण दीड-दोन पिक्सेल. तिथं लाखोंची फ्लोराइट भिंगाची दुर्बीण लावा नाहीतर काहीही लावा, किनार येणारच. प्रोसेसिंगमध्ये लाल-हिरवा-निळा चॅनेल वेगळे करून परत एकावर एक अलाइन करा, बरंच जातं.

वलय गोल निघालं तर दुसरा प्रश्न, यूव्ही-आयआर कट फिल्टर (डोळ्याला न दिसणारा जंबुपार-अवरक्त प्रकाश अडवणारा) लावलाय का? 533 च्या पुढच्या काचेत तो नसतो, आणि लेन्सवाल्या दुर्बिणीला तो लागतोच. लावलेला असेल तर ॲस्ट्रोनॉमिक एल-3 बघा, निळ्याचं अगदी टोकही कापतो. नव्या ट्रिपलेटच्या मानानं खर्च काहीच नाही. ड्युअल बँड फिल्टरनं (दोनच ठरावीक रंग सोडणाऱ्या) नेब्युला, म्हणजे तेजोमेघ, काढताना तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, कारण प्रकाशच 656 आणि 500 नॅनोमीटरच्या आसपासचा येतो.

आता एफएसक्यू. दुर्बीण जबरदस्त आहे यात वादच नाही, पेट्झवाल डिझाइन, 530 एमएम, एफ/5 (फोकल लेंग्थ भागिले व्यास, आकडा लहान तितकी दुर्बीण वेगवान), कडेचे तारे सरळ करायला वेगळा फ्लॅटनर नको, स्पेसरची मिलिमीटरमध्ये कटकट नको. पण तुम्ही पैसे मोजणार ते 88 एमएमच्या इमेज सर्कलचे (जेवढ्या गोलात चित्र नीट पडतं तो), आणि तुमच्या सेन्सरचा कर्ण आहे 16 एमएम! पुढंमागं फुलफ्रेम कॅमेरा घेणार असाल तर बोलू. आणि फ्लोराइट विरुद्ध एफपीएल-53 (ईडी काचेचा एक प्रकार) हा वाद लोक उगाच ताणतात, दोन्हींचा ॲबे नंबर (जास्त तितके रंग कमी फाकतात) 95 च्या आसपास, जोडीची काच आणि पॉलिशिंग कसं आहे त्यानं जास्त फरक पडतो.

एस्प्रिटचं गणित पण करून बघा की. 550 एमएमवर तुमचं फ्रेम साधारण 1.2 अंशांचं होतं, आत्ता 1.5 आहे. म्हणजे रोझेट नेब्युला आत्ता बसतोय तो तेव्हा कडेला कापला जाणार. पिक्सेल स्केल (एका पिक्सेलमध्ये मावणारं आकाश) 1.85 वरून 1.4 आर्कसेकंदांवर येईल, गॅलक्सीसाठी मस्त. पण नेब्युला लवकर उजळेल असं वाटत असेल तर तसं नाही, एफ/5.8 वरून एफ/5.5 म्हणजे पिक्सेलमागं किरकोळ फरक. उलट आहे त्या 72 ला 0.85 चा रेड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारं भिंग) लावलात तर जवळजवळ एफ/5 होते, नेब्युलाला एस्प्रिटपेक्षा वेगवान.

सगळ्यात महत्त्वाचं, ऑटोफोकसर (फोकस आपोआप लावणारी मोटर). तुमच्या यादीत तो कुठंच दिसला नाही. एफ/5.5 ला फोकसची मोकळीक साधारण 80 मायक्रॉन, केसाच्या जाडीएवढी धरा. आपल्याकडं हिवाळ्यात संध्याकाळपासून पहाटेपर्यंत पारा दहा-बारा अंश सहज उतरतो आणि 550 एमएमची ॲल्युमिनियमची नळी दर अंशाला साधारण 12-13 मायक्रॉन आखडते. आठ वाजता फोकस लावून खाली जेवायला गेलात की मध्यरात्रीपर्यंत तारे फुगलेले, आणि गंमत म्हणजे डबलेटमध्ये फोकस हलला की निळं वलय अजून मोठं दिसतं. निम्मं दुखणं इथंच असेल असं मला वाटतं.

म्हणून क्रम असा ठेवा: फिल्टर, ऑटोफोकसर, मग एक हिवाळा तुळजापूर किंवा नळदुर्गच्या बाजूला गाडी काढा (गाळप हंगामात कारखान्याच्या धुरापासून लांब जागा बघा, रात्रीचं एकटं जाऊ नका). त्यानंतरही गॅलक्सीच काढायच्या असं ठरलं तर एस्प्रिट घ्या. एचईक्यू5 तेवढं वजन पेलेल, फक्त सगळं मिळून दहाएक किलोच्या पुढं जाऊ देऊ नका आणि वाऱ्याच्या रात्री गायडिंगवर (तारा जागेवर धरून ठेवण्यावर) लक्ष ठेवा. बाहेरून मागवणार असाल तर ड्युटी आणि इन्शुरन्स धरूनच भाव विचारा, आणि आल्या आल्या एका ठळक ताऱ्यावर फोकसच्या आत-बाहेर नेऊन कड्या एकसारख्या गोल दिसतात का ते बघा, परत करायची मुदत संपायच्या आत.

तोवर त्या ओमेगाची एक कच्ची सब (एकच सुटा फोटो) टाका इथं, अनेक फोटो एकत्र करून स्टॅक केलेली नको. किनार कुठल्या बाजूला आहे ते बघून सांगतो.