फॅन्डम जुनं होत जातं तशा फॅनफिक लिहिण्याच्या सवयी कशा बदलतात?

पंधरा वर्षं जुन्या फॅन्डममध्ये, म्हणजे एखाद्या कथेच्या चाहत्यांच्या गोतावळ्यात, आत्ता फॅनफिक (थोडक्यात फिक: मूळ कथेवर चाहत्यांनी रचलेली कथा) लिहायला घेतलं तर काय वेगळं करावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. वर्षं मोजू नका. मूळ कथा चालू आहे की संपलीये हे आधी बघा, कारण सवयी बदलतात त्या त्यावरून.

कथा चालू असताना फिक छोटी आणि घाईची असते. भाग रात्री संपतो आणि सकाळपर्यंत आठशे-हजार शब्दांचा वनशॉट, म्हणजे एकाच प्रकरणाची कथा, तयार असतो: दार लागल्यावर ती दोघं काय बोलली असतील, एवढाच. पुढचा भाग आला की अंदाज चुकतो. अशा फिकला ‘जॉस्ड’ म्हणतात. हॅरी पॉटरमधला ब्लेझ झबिनी घ्या. 1997च्या पहिल्या पुस्तकात, मुलांची हाउसं ठरतात तेव्हा, त्याचं फक्त नाव येतं. मुलगा की मुलगी तेही कळत नाही. कित्येकांनी मुलगी धरून कथा लिहिल्या आणि 2005मध्ये सहाव्या पुस्तकात तो मुलगा निघाला.

वाट बघावी लागली की फिक लांबते. त्याच मालिकेचं चौथं पुस्तक 2000चं, पाचवं 2003चं. मधल्या तीन वर्षांत अनेकांनी हॅरीचं पाचवं वर्ष स्वतःच कादंबरीएवढं लिहून काढलं. 2007मध्ये मालिका संपल्यावर मात्र दुरुस्त्या सुरू झाल्या. शेवटचा उपसंहार मानायचाच नाही, अशा कथांना ‘ईडब्ल्यूई’ हा खास टॅगच पडला. ‘एपिलॉग? व्हॉट एपिलॉग?’ची ही आद्याक्षरं, म्हणजे ‘उपसंहार? कुठला उपसंहार?’

यानंतर जे होतं तेच तुमच्या सगळ्यात कामाचं आहे. लोक मूळ कथेला उत्तर द्यायचं सोडून एकमेकांच्या फिकना उत्तर देऊ लागतात. हॅरी पॉटरमधलाच रेग्युलस ब्लॅक पहिलं पुस्तक सुरू व्हायच्या आधीच मेलेला, त्याच्याबद्दलचा मजकूर अगदी थोडा. पण फॅन्डमने त्याला स्वभाव दिला, मित्र दिले, प्रेम दिलं, आणि नव्या वाचकाला वाटतं की हे पुस्तकातच आहे. हा फॅनॉन. त्यात वाईट काही नाही, काही पात्रं तर त्यामुळेच जिवंत राहिली. घोटाळा होतो तो शंभर फिक वाचून आणि पुस्तक न उघडता लिहायला बसलं की. पात्र नकलेची नक्कल होतं, सगळ्यांचं बोलणं एकसारखं वाटायला लागतं.

म्हणून लिहिण्याआधी तुमच्या पात्राचे तीन-चार मूळ प्रसंग पुन्हा वाचा. त्याची वाक्यं किती लांब आहेत, तो कशाला उत्तर द्यायचं टाळतो, हे टिपून ठेवा. मग कागदावर दोन रकाने करा: ‘पुस्तकात आहे’ आणि ‘फॅन्डमने ठरवलंय’. दुसऱ्यातलं जे घ्याल ते जाणूनबुजून घ्या.

पोस्ट करण्याची पद्धतही बदला. एओथ्रीवर, म्हणजे फिक टाकायच्या वेबसाइटवर, एका पानावर वीस फिक दिसतात. गजबजलेल्या नव्या फॅन्डममध्ये तुमची फिक काही तासांत खाली सरकते, शांत झालेल्या फॅन्डममध्ये ती कित्येक दिवस वर राहू शकते. पण जुन्या फॅन्डमचे बरेच वाचक कुडोजच्या (तिथल्या ‘लाइक’च्या) क्रमाने शोधतात, आणि तिथे वर असतात त्या वर्षानुवर्षं कुडोज साठवलेल्या जुन्या फिक. त्यांच्याशी स्पर्धा करू नका, टॅग नेमके लावा. ‘अँग्स्ट’ (मनस्तापाची कथा) एवढाच टॅग लावला तर तुमची फिक कोणाला सापडत नाही. कुठल्या प्रसंगापासून कथा वेगळी वळते ते सारांशाच्या पहिल्या ओळीत सांगा.

अर्धवट सुटलेल्या फिक वाचून पोळलेले वाचक ‘फक्त पूर्ण झालेल्या’ हा फिल्टर लावतात. तेव्हा सगळी फिक आधी लिहून संपवा, मग आठवड्याला एक प्रकरण टाका. दर प्रकरणाला ती पुन्हा यादीत वर येते, आणि शेवटचं पडलं की या वाचकांनाही दिसते.

पुढे फॅन्डम सोडावंसं वाटलं तर फिक डिलीट करू नका. ‘ऑर्फन’चा पर्याय आहे. तुमचं नाव निघतं, कथा आणि खालच्या प्रतिक्रिया जागेवर राहतात.