दर चौरस किलोमीटरला दोन माणसे

चि. विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मिळाला, दोनदा वाचला. हिमाचल प्रदेशातला लाहौल-स्पिती हा जिल्हा तू निवडलास याचा मनापासून आनंद झाला, कारण जमीन, पाणी आणि बर्फ यांनी माणसांची संख्या कशी ठरते हे इतके उघडपणे दिसणारे जिल्हे भारतात थोडेच आहेत. पहिल्याच पानावर तू ठळक अक्षरांत लिहिले आहेस: क्षेत्रफळ १३,८४१ चौरस किलोमीटर, २०११ ची लोकसंख्या ३१,५६४, घनता दर चौरस किलोमीटरला २. तिन्ही आकडे बरोबर आहेत. राज्याच्या जवळजवळ पाव हिश्शावर राज्यातली अर्धा टक्काही माणसे राहत नाहीत, हे तुझे निरीक्षणही योग्य आहे. तरीही त्या घनतेच्या आकड्यावर पहिले प्रकरण उभे करू नकोस, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

त्या जिल्ह्यातल्या बहुतेक चौरस किलोमीटरांवर दोन माणसे राहत नाहीत. तिथे कोणीच राहत नाही. तिथे हिमनद्या आहेत, उघडे कडे आहेत आणि उन्हाळ्यात मेंढपाळांच्या कळपांपुरती जाग येणारी कुरणे आहेत. वस्ती आहे ती नद्यांच्या काठच्या चिंचोळ्या सपाट पट्ट्यांवर आणि उतारांवरच्या थोड्या पायऱ्यांवर. चंद्रा आणि भागा या दोन्ही नद्या बारालाचा खिंडीजवळ उगम पावतात, वेगवेगळ्या दिशांनी निघतात आणि तांदी येथे एकत्र येतात. पुढे हीच चिनाब. कुंझुम खिंडीच्या पलीकडची स्पिती नदी मात्र आग्नेयेकडे वाहत किन्नौरमध्ये खाब येथे सतलजला मिळते. म्हणजे १९६० साली एकत्र बांधलेल्या या जिल्ह्याचे पाणी दोन वेगळ्या नद्यांना जाते आणि मधली सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते. काझातल्या माणसाला जानेवारीत केलाँगच्या मुख्यालयात जायचे असेल, तर त्याला किन्नौरमधून खाली उतरून, अर्धे राज्य ओलांडून, कुलूच्या बाजूने पुन्हा वर चढावे लागते. म्हणूनच स्पितीसाठी काझाला अतिरिक्त उपायुक्तांचे वेगळे कार्यालय आहे. तेव्हा जिल्ह्याची एकच सरासरी काढण्याआधी लाहौल आणि स्पिती यांचे तक्ते वेगळे कर.

स्पितीत एका सकाळी मी वाटाण्याच्या शेताच्या बांधावर उभा होतो. वरच्या हिमक्षेत्रातून आलेला पाट (तिकडे त्याला कुल्ह म्हणतात) एका बाईंनी दगड आणि गवताळ मातीचे ढेकूळ बाजूला सारून आपल्या वाफ्यात वळवला, आणि ठरलेला वेळ संपताच तेच ढेकूळ पुन्हा जागेवर बसवून पाणी शेजाऱ्याकडे सोडले. पाट पोचतो तिथे हिरवे आणि त्याच्या हातभर वर कोरडी राखाडी माती, इतकी स्पष्ट सीमारेषा मी इतरत्र पाहिलेली नाही. पीर पंजालच्या पाठीशी असल्यामुळे मान्सूनचा पाऊस इकडे फारसा पोचत नाही. शेती हिवाळी बर्फाच्या वितळण्यावर चालते. जमीन वाढवायची तर पाणी वाढवावे लागते, आणि ते माणसाच्या हाती नव्हते. म्हणून स्पितीच्या जुन्या रिवाजात शेत थोरल्या मुलाकडे अखंड जाई आणि धाकटी मुले की, ताबो, धनकर अशा मठांत लामा होत. हा रिवाज 'संस्कृती' या मथळ्याखाली शेवटच्या प्रकरणात ढकलू नकोस. एका पाटाच्या पाण्यावर किती चुली पेटू शकतात, या प्रश्नाला त्या समाजाने दिलेले ते उत्तर होते, म्हणून त्याची जागा लोकसंख्येच्या प्रकरणातच आहे.

आता तुझ्या तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची त्रुटी. आकड्यापुढे तू फक्त '२०११' लिहिले आहेस. देशभराच्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०११ होती. बर्फाने वेढल्या जाणाऱ्या भागांत मात्र गणना आधीच, सप्टेंबरमध्ये, उरकली आणि तिथली संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०१० धरली गेली. सप्टेंबरात कुलू आणि लाहौल यांच्यामधली रोहतांग खिंड खुली असते, बटाटा आणि वाटाणा बाजाराला निघालेला असतो, कुलूत हिवाळा काढणारी लाहौली कुटुंबे घरी परतलेली असतात आणि सीमा सडक संघटनेच्या रस्त्यांवर बाहेरून आलेले मजूर तंबू ठोकून राहिलेले असतात. हीच गणना फेब्रुवारीत झाली असती तर चित्र वेगळे दिसले असते.

ही तारीख ध्यानात ठेवूनच स्त्री-पुरुष प्रमाण वाच. एकूण प्रमाण हजार पुरुषांमागे ९०३ स्त्रिया, आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलांमागे १,०३३ मुली. पहिला आकडा पाहून मुलींची हेळसांड होते असे समजू नकोस. त्यात एकट्याने येणाऱ्या पुरुष मजुरांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या आकड्यावरून तिथे समानता नांदते, असाही निष्कर्ष काढू नकोस. इतक्या छोट्या लोकसंख्येत हा फरक काही डझन मुलांचा असतो, आणि वडिलांच्या जमिनीत मुलींना वाटा न देणाऱ्या रूढीविरुद्ध तिथल्या स्त्रिया आजही लढत आहेत. मला त्या लढ्याविषयी फार आस्था वाटते आणि तुझ्या प्रबंधात त्याला जागा मिळावी अशी इच्छा आहे.

२००१ मधली ३३,२२४ ही लोकसंख्या दहा वर्षांत पाच टक्क्यांनी घटली आणि तू त्यावर 'पहाडी स्थलांतर' असे लिहून मोकळी झालीस. उत्तराखंडातल्या पौडी गढवालचीही लोकसंख्या त्याच दशकात घटली. पण तिथे पुरुष बाहेर पडल्यामुळे हजारामागे १,१०३ स्त्रिया आहेत, म्हणजे चित्र नेमके उलटे. दोन्हींना एकच नाव दिलेस तर दोन्ही समजायचे राहून जातील. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाल्यापासून तर लाहौलचा हिवाळाच बदलला आहे; त्यामुळे २०११ च्या आकड्यांवरून आजच्या लाहौलविषयी वर्तमानकाळात एकही वाक्य लिहू नकोस. पुढच्या गणनेसाठीही या भागांची संदर्भ तारीख १ ऑक्टोबर २०२६ हीच ठरली आहे.

गावांत जाशील तेव्हा कुटुंबात माणसे किती हे विचारण्याआधी, मागचा हिवाळा कोणी कुठे काढला ते विचार आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळ्या रकान्यात लिही. निघण्यापूर्वी मात्र एक काम कर: घनतेचा तो रंगीत नकाशा बाजूला ठेवून, फक्त नद्या, पाट आणि वस्त्यांचे ठिपके असलेला नकाशा हाताने काढ आणि मला पाठव. स्पितीच्या वरच्या गावांचे ठिपके कुठे पडतात ते आपण दोघे मिळून तपासू.

तुझे सर