आई येणारच आहे, मग घरात आणखी एक बाई कशाला?

नेदरलँड्समधल्या मराठी जोडप्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. या वेळी विचारणारी पहिलटकरीण, पाचवा महिना लागलेला. आईच्या 90 दिवसांच्या व्हिसाची तयारी चालू. मिडवाइफने, म्हणजे सुईणीने, विचारलं, क्रामझोर्ग नोंदवलंत का? म्हणजे बाळंतपणानंतर आठेक दिवस रोज घरी येणारी प्रशिक्षित बाळंतसेविका. आई फोनवर म्हणाली, "मग मी काय शोभेला येतेय?" जावयाचा हिशेब वेगळाच: तासाला पाच युरोंच्या वर आपल्या खिशातून, 49 तासांचे अडीचशेहून जास्त झाले. सासूबाई आहेत तर 24 तास पुरे.

मुलीची खरी चिंता पैशांची नव्हती. "दोघींचं जमलं नाही, तर ओली बाळंतीण मी कुणाची बाजू घेऊ?"

आधी पैशांचं मिटवू. मूळ आरोग्य विम्यात किमान 24 आणि कमाल 80 तास बसतात, सर्वसाधारण गरज 49 तासांची धरतात. वार्षिक 'आयखन रिसिको'ला, म्हणजे विमा पैसे देण्याआधी दरवर्षी स्वतः भरायच्या रकमेला, याने हात लागत नाही, फक्त तासाचा वाटा भरायचा. तास आधीच कापून घेऊ नयेत. दूध नीट उतरलं नाही किंवा टाके दुखत राहिले तर वाढवून मागता येतात, पण सेविकांचा तुटवडा असल्याने ऐनवेळी मिळतीलच असं नाही. नोंदणीही विसाव्या आठवड्याच्या आत उरकलेली बरी.

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. ही बाई मोलकरीण नव्हे आणि आईच्या जागी येणारीही नव्हे. ती मिडवाइफचे डोळे आहे. मिडवाइफ त्या आठवड्यात दोन-चारदाच डोकावते. मधल्या काळात बाळाचं तापमान आणि वजन, ओले लंगोट, बाळंतिणीची नाडी, गर्भाशय किती आकसलं, रक्तस्राव, टाके हे सगळं सेविका रोज बघते, वहीत लिहिते आणि काही खटकलं की मिडवाइफला फोन करते. संडास-बाथरूम पुसणं, कपडे, चादरी ही कामंही करते, पण अळिवाची खीर ती करणार नाही. तिथे आईच लागते.

ठिणगी कुठे पडते तेही ठरलेलं आहे. मोहरीची उशी, काजळ, मधाचं बोट, गुटी, घट्ट दुपटं, कानटोपी, शेगडीची धुरी. सेविका या सगळ्याला नाही म्हणते, मुलगी ते "नाही म्हणतेय ती" एवढंच भाषांतर करून आईला सांगते, आणि आईला वाटतं आपली अक्कल काढली. म्हणून त्या दोघांना एकच गोष्ट घोटून सांगितली: नकाराचं नाही, कारणाचं भाषांतर करा, आणि ते काम जावयाने करावं. मधाने वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असू शकतं. टोपी आणि उशीने झोपलेलं बाळ तापतं, श्वास अडण्याचा धोका वाढतो. डोकं गोल हवं ना, मग झोपवताना मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. धुरी बंद खिडक्यांच्या घरात कार्बन मोनॉक्साइड साठवते, शिवाय धुराचा अलार्म अख्खी इमारत गोळा करेल. शेक हवाच तर बाळंतिणीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी. तेल-मालिशला सहसा हरकत नसते. खोली आधी गरम करा, नाळेच्या टोकाला तेल लागू देऊ नका.

एक वाद मात्र आईच्या पदरातल्या वस्तूनेच सुटला. सेविका म्हणते भरपूर पाणी पी, आई म्हणते बाळंतिणीने पाणी बेताने प्यावं. तोडगा निघाला बाळंतशोपा-ओव्याच्या कोमट पाण्याचा, थर्मासभर. गंमत म्हणजे डच लोकही बाळ झालं की पाहुण्यांना रस्कवर ॲनिसच्या, म्हणजे बडीशेपेसारख्याच दाण्यांच्या, साखरगोळ्या घालून देतात, आणि ॲनिसने दूध वाढतं अशी त्यांचीही जुनी समजूत. आईला हे कळल्यावर निम्मा ताण तिथेच उतरला.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी झाली. जन्माचं वजन 3,200 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी 2,940. म्हणजे 8 टक्के घट. 7 च्या आत असती तर नुसतं लक्ष ठेवलं असतं, 10 च्या वर गेली असती तर काळजी वाढली असती. त्या दिवशी ओले लंगोट दोनच. आई म्हणाली, वरचं दूध द्या. सेविकेने आधी पाजणं पाहिलं: बाळ चुकचुक आवाज करत होतं, गाल आत ओढले जात होते, स्तनाग्र चपटं होऊन बाहेर येत होतं. म्हणजे तोंडात फक्त टोक. बाळाचं पोट बाळंतिणीच्या पोटाला लावलं, नाक स्तनाग्रासमोर ठेवलं, तोंड जांभईएवढं उघडल्यावर जवळ ओढलं. मिडवाइफशी बोलून ठरलं: दर अडीच-तीन तासांनी उठवून पाजायचं, नंतर हाताने काढलेलं दूध चमच्याने. चमच्याने पाजण्याचं काम आजीकडे. दुसऱ्या दिवशी वजन 2,960, लंगोट चार.

कावीळ सावळ्या बाळाच्या कातडीवर चटकन कळत नाही, हे सेविकेला आठवण करून द्यायला लाजू नका. खिडकीच्या उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्या बघायला सांगा. पहिल्या 24 तासांत पिवळेपणा दिसला तर थेट मिडवाइफला फोन.

तयारीत पलंग विसरला जातो. उंची 80 सेंटिमीटर लागते, कमी असेल तर उंचवटे भाड्याने मिळतात. नाहीतर सेविका कमरेच्या कारणाने काम नाकारू शकते.

सेविका तिचे तास संपले की घरी जाते, रात्र तुमचीच. रात्रीचा मिडवाइफचा नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि आईला वाचता येईल अशा मराठीत त्याखाली लिहा: तासाभरात पूर्ण पॅड भिजला, दोघांपैकी कुणाचाही ताप 38 च्या वर गेला, किंवा बाळ पाजायला उठेचना, तर सकाळची वाट न बघता फोन.